सहा जण आणि एक बाळंतपण

६ जानेवारी

ताई,

इथे येऊन चार दिवस झाले. फोन पहिल्याच दिवशी गेटवर काढून घेतले आणि कोर्स संपेपर्यंत विसरा म्हणाले. म्हणून हे पत्र. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी चार मिळायचे हे तुला आठवत असेलच, तेव्हा सांभाळून घे.

कोर्स वैद्यकीय आहे. सलाईन लावणं, हाडं बांधणं, जखमा शिवणं वगैरे. बहुतेक बसून करायचं काम. बाबांना तसंच सांग. खोलीत आठ खाटा, आठ पत्र्याची कपाटं आणि एक खिडकी आहे, ती नीट लागत नाही. शेजारच्या खाटेवरच्याला आम्ही पोपट म्हणतो. त्याला चार भाषा येतात आणि पाचवी शिकतोय. झोपेत तो पाचही बोलतो.

तुला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. माणूस थंडीने गारठला असेल तर हाताची शीर सापडत नाही, तेव्हा तुम्ही वॉर्डात काय करता? आणि टाचेवरचे फोड फोडावेत की तसेच ठेवावेत? हे दुसरं एका मित्रासाठी विचारतोय.

तुझा धाकटा


१७ जानेवारी

धाकट्या,

शिरेचं आधी सांगते. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने शोध. हात खाटेखाली लोंबकळू दे, तुझ्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब दे, पट्टा बांध आणि मग हलकेच टिचकी मार. चापट मारू नकोस, पेशंटही माणूस असतो. बोटाखाली उशीसारखं दबून परत वर आलं की ती शीर.

आता तुझ्या त्या मित्राचे फोड. लहान असतील तर हात लावू नकोस. मोठे असतील तर कडेने उकळलेल्या सुईने टोच, पाणी काढ, वरची कातडी तशीच राहू दे. आणि त्याला विचार, बसून करायच्या कामात टाचांना फोड येतात कसे. मी बाळंतिणींच्या वॉर्डात अठरा वर्षं काढली. 'जिन्यावरून पडले, सिस्टर' असं सांगणाऱ्या बायकांचं तोंड बघून मला खरं काय ते कळतं. तू तर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. लपवायचं तर निदान नीट लपवायला शीक.

बाबा मजेत आहेत. दुकानात घड्याळं कमी आणि गप्पा मारणारे जास्त येतात. कानाचं यंत्र लावत नाहीत, खिशात ठेवतात. तुझं पत्र त्यांना ओरडून वाचून दाखवलं, त्यामुळे आता तुझ्या टाचांची बातमी अख्ख्या गल्लीला आहे.

ताई


३० जानेवारी

ताई,

पकडलंस. फोड माझेच, आणि कोर्सही तू समजलीस तो नाही. म्हणजे वैद्यकीय आहे, पण विशेष दलातला. मी कमांडोच्या निवडीला आलो आहे. आलो तेव्हा आम्ही चौऱ्याऐंशी होतो. आज सकाळी हजेरीला एकतीस. बाकीच्यांना कोणी हाकललं नाही. अंगणात एक घंटा आहे, ती वाजवायची आणि गाडीत बसायचं, एवढंच. पस्तीस किलोचा पिट्ठू पाठीवर घेऊन चाळीस किलोमीटर चालल्यावर ती घंटा फार गोड दिसते.

तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

लोकांना वाटतं, हे म्हणजे नुसतं दारं फोडणं आणि दोरीवरून उतरणं. आमचे उस्ताद कधी आवाज चढवत नाहीत. इतके हळू बोलतात की एकतीस जणांना श्वास रोखून ऐकावं लागतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "जिथे पलटण जाऊ शकत नाही तिथे तुम्ही सहा जण जाल. आठवडेच्या आठवडे मदत येणार नाही. गोळी मारता येणारे मला ढिगाने मिळतात. मला असे सहा हवेत, जे अनोळखी गावात गेले तर गावाला बरं वाटेल." म्हणून प्रत्येक तुकडीत एक वायरलेसवाला, एक भाषावाला, एक सुरुंगवाला, एक वैद्य असं असतं. मुलाखतीत मी सांगितलं की माझी बहीण सिस्टर आहे, त्यामुळे मला रक्ताची सवय आहे. म्हणून मला वैद्य केलं.

आता खरी गोष्ट. गेल्या मंगळवारी पहिला सराव होता. एका माणसाच्या मांडीला खोटी जखम, त्यातून नळीने खरं बकऱ्याचं रक्त उडतंय. मी रक्त थांबवायचा पट्टा हातात घेतला, आणि पुढचं आठवतं ते थेट छत. माझ्या पेशंटने उठून मला पाणी पाजलं.

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "दहा आठवडे देतो. नाही जमलं तर पलटणीत परत. त्यात लाज नाही."

मला परत जायचं नाही, ताई. तुला पहिल्या दिवसापासून कसं जमलं ते सांग.

धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात अर्धा तास भांडी आपटली. मग तुझ्या पेशंटने तुला पाणी पाजलं हे आठवलं आणि हसू आवरेना. तुझे भाऊजी बसची पाळी संपवून आले, तेव्हा मी एकटीच ओट्यापाशी हसत उभी होते. त्यांना वाटलं, माझं काही खरं नाही.

ऐक. घरात कोणालाच माहीत नाही ते सांगते. लेबर रूममध्ये पहिल्या दिवशी मीही पडले. ट्रेसकट पडले. मोठ्या सिस्टरांनी मला पायाने बाजूला सरकवलं, कारण त्यांचे हात रिकामे नव्हते. मग संध्याकाळी त्यांनी चहा पाजला आणि जे सांगितलं ते तुला सांगते. रक्ताकडे बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायचं. नाव विचारायचं. मोठ्याने बोलत राहायचं, आता मी हे करतेय, आता ते करतेय. बोलणाऱ्या माणसाला श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेणारा सहसा पडत नाही. हाताला एक काम दिलं की ते संपायच्या आत दुसरं द्यायचं.

आणखी एक. तुम्हाला दवाखान्यात पाठवतील ना, तेव्हा सगळी पोरं अपघात विभाग मागतील. तू बाळंतिणींचा वॉर्ड माग. रक्त तिथेही भरपूर असतं, पण बहुतेक वेळा शेवटी सगळे हसतात. मनाला आधी तेच दाखव.

बाबांना मी सांगितलं. त्यांना 'कमांडो' ऐवजी 'कमोड' ऐकू आलं. कानाचं यंत्र लावून पुन्हा सांगितलं. नंतर बघते तर गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला थांबवून सांगत होते, "आमचा धाकटा." पुढचं वाक्य त्यांना सुचत नव्हतं, पण इस्त्रीवाल्याला कळलं.

ताई


२८ मार्च

ताई,

सात आठवडे पत्र लिहायला हात मोकळा नव्हता, आणि जेव्हा होता तेव्हा तो साबणाच्या पाण्यात होता.

तुझं ऐकलं. बाळंतिणींचा वॉर्ड मागितला तेव्हा सगळे हसले. तिथल्या इनचार्ज बाई तुझ्याच जातकुळीच्या. मला म्हणाल्या, "कमांडो का? बरं, तो बेडपॅन उचला." पहिल्या आठवड्यात मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो, म्हणजे पडलोच तर सरळ खाली बसेन. अकरा बाळंतपणं बघितली. बाराव्याला बाई म्हणाल्या, "पुढे या." मी नाव विचारलं, बोलत राहिलो, हातांना कामं देत राहिलो. बाळ माझ्या हातात आलं, ओलं, निसरडं, आणि माझ्यावर भयंकर चिडलेलं. माझ्या हातच्या चौथ्या बाळंतपणाला तर मला रक्ताची आठवणही झाली नाही.

परत आल्यावर तोच मांडीचा सराव झाला. एक मिनिट दहा सेकंदात पट्टा आवळला. उस्ताद म्हणाले, "बडबड फार करतोस." मी म्हटलं, "बहिणीची शिकवण आहे, उस्ताद." ते म्हणाले, "मग चालू दे."

आता आम्ही अठरा उरलो आहोत. आमची सहा जणांची तुकडी ठरली. पोपट आहेच. म्होरक्या आहे मास्तर, हा आधी शाळेत शिकवायचा आणि आता वायरलेस सांभाळतो. चुकलं की अजूनही आम्हाला "मागच्या बाकावर या" म्हणतो.

तुझं अक्षर गेल्या वेळी वाकडंतिकडं होतं. आणि बाबांनी दोन ओळी पाठवल्यात की तू रजेवर आहेस. तू आणि रजा? काय झालंय?

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

शाबास. इनचार्ज बाईंना माझा नमस्कार कळव.

मला काही झालेलं नाही. जरा दमायला होतं, पाय सुजतात, सकाळी अन्न नकोसं वाटायचं ते आता बरं आहे. भाऊजी मला जिना चढू देत नाहीत, त्यामुळे खालच्या खोलीत मुक्काम. कपडे घट्ट होतात म्हणून शिवणाचं मशीन काढलंय. काळजी करू नकोस. तू तुझं बघ.

ताई


१५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या तुकडीतल्या सहाही जणांनी मिळून माझी वैद्यकाची पुस्तकं उघडली. दम लागतो, पाय सुजतात, भूक मेली होती, जिना बंद. एक म्हणाला हृदय. दुसरा म्हणाला मूत्रपिंड. तिसऱ्याने कपडे घट्ट होण्यावर बोट ठेवलं आणि 'पोटात पाणी' असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझे डोळे भरले. फळ्यावर तुझी सगळी लक्षणं लिहिली. पेशंट: स्त्री, वय अडतीस.

तेवढ्यात उस्ताद आले. फळा वाचला. मग आम्हा सहा जणांकडे एकेक करून बघितलं. म्हणाले, "यातल्या किती जणांनी बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलंय?" मी हात वर केला. "मग तूच सर्वांत मोठा गाढव," म्हणाले, आणि खडूने खाली एक पाळणा काढून गेले.

ताई, खरं आहे का?

धाकटा


२४ एप्रिल

धाकट्या,

खरं आहे. पाचवा सरत आला. तुमच्या उस्तादांना म्हणावं, त्यांना आमच्या वॉर्डात केव्हाही नोकरी मिळेल.

रागावू नकोस. बारा वर्षांत दोनदा मी सगळ्यांना आनंदाने सांगितलं, आणि दोनदा पुन्हा सगळ्यांकडे जाऊन 'आता नाही' असं सांगावं लागलं. ते दुसरं सांगणं फार जड असतं. दुसऱ्या वेळी तू सुट्टीवर आला होतास. माझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करत बसला होतास, तो बिघडलेला नसताना. म्हणून या वेळी ठरवलं होतं की बाळ हातात येईपर्यंत कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. पण पोट काही गुपित ठेवत नाही.

मी रोज दुसऱ्यांची बाळं काढते आणि स्वतःच्या वेळी मला भीती वाटते. हे तुला लिहिलं, कारण तूही मला छत दिसल्याचं लिहिलंस. बाकी आनंदात आहे, इतकी की भाऊजींच्या बसमधल्या कंडक्टरला मी न विचारता सांगून टाकलं.

तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली.

ताई


८ ऑगस्ट

ताई,

हे पत्र लांबणार आहे. बसून वाच, पाय उशीवर ठेव.

शेवटचा सराव होता. सहा जणांनी डोंगरात झुडपात लपून राहायचं, खालच्या वाटेवर कोण येतं-जातं ते पाच दिवस टिपायचं, आणि कोणालाही दिसायचं नाही. एका माणसाने पाहिलं तरी सहाही जण नापास. त्यात दयामाया नाही. आम्ही तीन दिवस अंगावर पाला बांधून, कुजबुजत, थंड जेवण जेवत काढले. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला वाटेवर चार माणसं एक खाट खांद्यावर घेऊन धावत आली. खाटेवर एक बाई, मागे तिची सासू. बरोबर आमच्या खाली त्यांनी खाट टेकवली. पोपटने कान लावला आणि सांगितलं, "दरड कोसळून पुढचा पूल तुटलाय. दवाखाना पलीकडे. फिरून जायला सहा तास."

मी कळा मोजत होतो. दोन मिनिटांचं अंतर, मग त्याहून कमी. म्हटलं, "ती सहा तास थांबत नाही. अर्धा तासही नाही."

मास्तर म्हणाला, "कोणाला नको असेल तर आत्ताच बोला." सुरुंगवाल्याने टोपीवरचा पाला काढायला सुरुवात केली होती. मास्तरने वायरलेसवर कळवलं, आम्ही बाहेर पडतोय. पलीकडून उस्तादांचा आवाज, "कारण?"

"बाळंतपण."

मग, "पुलाचं मी बघतो. तुमचा सराव संपला असं लिहितो."

सहा झुडपं एकदम उभी राहिली, तेव्हा ती चार माणसं पळतच सुटणार होती. सासूने मात्र काठी उचलली. पोपटने हात जोडून त्यांच्या भाषेत, म्हणजे तो शिकत असलेल्या त्या पाचव्या भाषेत, सांगितलं की आम्ही वैद्य आहोत. नंतर कळलं, तो म्हणाला होता, आम्ही तुमचे जावई आहोत. खाटेवरची बाई कळ देता देता हसली, आणि सासूने काठी खाली केली.

आमच्या तंबूचं कापड तुकडीतल्या उरलेल्या चौघांनी पाठ करून धरलं. सासू आत, मी आत, पोपट बाहेरून भाषांतराला. मी बाईंचं नाव विचारलं. मी सांगत होतो, पोपट तेच आमच्या कवायतीच्या सुरात ओरडत होता. शेवटी ती काहीतरी म्हणाली आणि सासू खुदकन हसली. पोपट म्हणाला, "मला हळू बोल म्हणतेय. बाळंतपण तिचं आहे म्हणे."

डोकं आलं, आणि मानेभोवती नाळेचा वेढा होता. बोट घातलं, सैल होता, डोक्यावरून काढला. मुलगी झाली. निळसर, गप्प. ताई, त्या वेळी मी बोलायचा थांबलो. मग तुझाच आवाज ऐकू आला, हाताला काम दे. टॉवेलने पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं. काही नाही. तोंडा-नाकावर तोंड ठेवून हलकी फुंकर घातली, एक, दोन. तिसरीच्या आधी तिने तोंड वाकडं केलं आणि अशी रडली की कापड धरलेले चौघेही पाठमोरेच ओरडले. मग वार पडली, रक्त जरा जास्त वाटलं, पोटावरून गर्भपिशवी चोळत राहिलो, घट्ट झाली, थांबलं. सासूने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यावर अजून पाला होता.

दुपारी उस्तादांनी मागवलेलं हेलिकॉप्टर आलं आणि मायलेकींना दवाखान्यात घेऊन गेलं. दोघी सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही उस्तादांसमोर उभे. "नियम काय होता?"

मास्तर म्हणाला, "कोणाला दिसायचं नाही."

"किती जणांना दिसलात?"

"सहा, उस्ताद. नंतर सात."

"नापास. सोमवारपासून नवा डोंगर, पाच दिवस, पहिल्यापासून." आम्ही सलाम ठोकून वळलो. दारापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "वजन किती होतं?"

मी म्हटलं, "काटा नव्हता, उस्ताद. रायफलीपेक्षा कमी."

"हं," म्हणाले, आणि वहीत लिहून ठेवलं.

नापास होऊन सहा माणसं इतकी खूश इथे कोणी पाहिली नसतील.

धाकटा


१३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र मी वॉर्डात नेऊन सगळ्या सिस्टरांना वाचून दाखवलं. फुंकरीपाशी आल्यावर मला वाचवेना, तेव्हा नवीन आलेल्या सिस्टरने पुढचं वाचलं. पुढच्या वेळी टॉवेल दोन घे. ओला झालेला पहिला टाकून द्यायचा असतो, नाहीतर बाळ गारठतं. बाकी काही चूक काढता आली नाही, आणि मी प्रयत्न केला.

बाबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग म्हणाले, "नापास केलं ते बरोबर केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि याने केलं तेही बरोबर." मग दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

मला आता भीती वाटत नाही असं नाही. पण तुझ्या त्या डोंगरावरच्या बाईला कळ देताना हसू आलं, हे वाचल्यापासून कमी वाटते.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

पास. पाच दिवस, एकही माणूस नाही. एक गाय आमच्या मास्तरच्या पाठीवरचा पाला खाऊन गेली, पण उस्ताद म्हणाले की गाईला साक्षीदार धरत नाहीत.

काल अंगणात बिल्ले मिळाले. भाषण वगैरे नाही. उस्तादांनी प्रत्येकाच्या छातीवर स्वतः लावला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बहिणीला सांग, तिचा विद्यार्थी ठीक आहे." त्यांच्या तोंडून 'ठीक' निघालं की इथे लोक पत्रात लिहून घरी पाठवतात, तसं पाठवतोय.

पाच तारखेपासून दहा दिवसांची रजा आहे. त्या आधी काही घाई करू नकोस.

धाकटा


३१ ऑगस्ट

धाकट्या,

घाई झाली. परवा दुपारी सव्वाबाराला. मुलगी, दोन किलो नऊशे, आणि आवाज वडिलांच्या बसच्या हॉर्नसारखा.

मी शहाणपणा करायला गेले. आडवी पडून सगळ्यांना सूचना देत होते, तो दिवा इकडे घ्या, तो ट्रे तिकडे ठेवा. शेवटी ती नवीन सिस्टर, सहा महिन्यांपूर्वी जिला मीच हात धुवायला शिकवलं, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, आज तुम्ही गप्प बसायचं. आज तुम्ही पेशंट आहात." मी गप्प बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. तिने माझं नाव विचारलं, तिला माहीत असूनही. मग माझी भीती गेली.

बाबा आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवत आले, पण हिला घ्यायची वेळ आली तेव्हा ते खाली फरशीवरच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता द्या." भाऊजी काल पाळीवर गेले आणि एका थांब्यावर बस थांबवायचीच विसरले. लोक रागावले, मग कारण कळल्यावर दोन थांबे पुढे कोणी उतरेना.

पाच तारखेला तू येशील तेव्हा बेल वाजवू नकोस आणि ताई ताई करत हाका मारू नकोस. हिचा नुकताच डोळा लागलेला असतो आणि ही उठली की दोन तास कोणाचं ऐकत नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. बूट बाहेर काढ, हात धू, आणि आवाज न करता आत ये. एवढं तरी त्यांनी तुला शिकवलंच असेल.

ताई